कच्च्या चित्रांनी सोडवलेला धोटा

सोलापुरी चादरीवरच्या ॲनिमेशनमध्ये मागाचा शॉट जमत नव्हता. धोटा, म्हणजे उभ्या धाग्यांमधून आडवा धागा नेणारा तुकडा, डावीकडून उजवीकडे जायचा, पण पाण्यावर तरंगल्यासारखा. रंग भरण्याआधीच मी त्या शॉटचा पेन्सिल रेघांचा ॲनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांची चालती फिल्म, बनवला आणि मोबाईलवर घेऊन सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत गेलो. तिथं ओळखीचे एक मामा आहेत, उभं आयुष्य मागावर गेलेले.

‘कसं वाटलं?’ असं मी कधीच विचारत नाही. त्यावर सगळे ‘छान’ म्हणून मोकळे होतात. ‘मामा, इथं खोटं काय दिसतंय?’ असं विचारलं.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “धोटा असा हळू निघत नाही रे. दांड्याचा फटका बसला की सुटतो. आणि उभे धागे उघडायच्या आत तो जाईल कुठनं? फणी तर ठोकतच नाही तुझी! आडवा धागा घट्ट बसणार कसा?”

तिथंच सगळं कळलं. सेकंदाला २४ फ्रेम, दोन फ्रेमला एक चित्र, म्हणजे १२ चित्रं. धोट्याच्या सुरुवातीची जवळजवळची चित्रं काढून टाकली, मधलं अंतर वाढवलं, पलीकडे तो एकदम थांबवला. क्रम बांधला: धागे उघडणं, फटका, धोटा, फणीची ठोक. ठोकीवर खटक्याचा आवाज बसवला आणि शॉटला वजन आलं.

रेघाच होत्या म्हणून चित्रं टाकताना हात आखडला नाही. आता चादरीच्या नक्षीचा शॉटही कच्चाच दाखवणार आहे, जेकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग, चालवणाऱ्यांना.