ऑफिसात गाणी ऐकायला हेडफोन घेताय? आधी शेजारच्या खुर्चीत कोण बसतं ते आठवा

हेडफोन घ्यायचे म्हटलं की सगळे आधी विचारतात बास कसाय, बॅटरी किती तास, कंपनी कुठली, पण ऑफिससाठी घेत असाल तर पहिला प्रश्न हा की तुमचं गाणं शेजारच्याला ऐकू जातं का. मी हे ठेच लागून शिकलो. हिंजवडीत ओपन ऑफिसमध्ये होतो तेव्हा घरचे ओपन-बॅक हेडफोन रोज बॅगेतून न्यायचो, आवाज इतका मोकळा की समोर बसून कुणी गातंय असं वाटायचं, आणि महिनाभराने शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, "अरे, तुझ्या गाण्यातली झांज मला दिवसभर ऐकू येते." एवढे दिवस ती काही बोलली नव्हती याचं मला फार वाईट वाटलं.

ओपन-बॅक म्हणजे कपाची बाहेरची बाजू जाळीची असते, स्पीकरचा मागचा आवाज त्यातून बाहेर जातो, म्हणून तर ते इतके मोकळे वाजतात. सेनहायझरचा एचडी ६०० यातलाच, घरासाठी सुंदर, ऑफिसात अजिबात नको. छोटे फोमवाले कॉस पोर्टा प्रो पण तसेच, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. ऑफिसला क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपाचे, तरी घ्या नाहीतर कानात घट्ट बसणारे इन-इअर. घरी तपासायचं असेल तर शांत खोलीत हेडफोन घाला, नेहमीच्या आवाजात गाणं लावा, दुसरा फोन हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्डिंग करा आणि मग ऐका. शब्द कळत असतील तर शेजारच्यालाही कळणार.

आता बाहेरचा आवाज आत येण्याचं बघू, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ऑफिसात दोन प्रकारचे आवाज असतात, एक एसीची घरघर आणि दुसरी माणसं. एएनसी, म्हणजे नॉइज कॅन्सलेशन, बाहेरच्या माइकने आवाज पकडून त्याच्या बरोब्बर उलटी लाट कानात सोडतं, त्यामुळे एसी, पंखा, बसचं इंजिन असले सलग आणि खालच्या पट्टीतले आवाज गायब होतात, पण माणसाचं बोलणं सारखं बदलतं आणि त्यातली व्यंजनं वरच्या पट्टीतली, तिथे एएनसीचा जोर कमी पडतो. बोलणं अडवतं ते कानाभोवतीचं जाड पॅड किंवा कानातली नीट बसलेली टिप. दुकानात बटण दाबल्यावर सगळं एकदम शांत होतं ना, त्याला भुलू नका, सोबतच्या मित्राला दोन फुटांवर उभं करून बोलायला लावा आणि मग ठरवा. तुमचा त्रास माणसांच्या गप्पांचाच असेल तर फोमच्या टिपा असलेले वायरवाले इन-इअर दोन हजारांच्या आत जे काम करतात ते बघून मी थक्क झालो होतो. टिप मात्र मापाची हवी, सैल बसली की पहिला बास जातो आणि लोक म्हणतात इअरफोनच फालतू.

चष्मा असेल तर हे नक्की करा. ओव्हर-इअर, म्हणजे कान पूर्ण झाकणारे हेडफोन, घालून गाणं लावा आणि कानाजवळ पॅडखाली गेलेली चष्म्याची काडी बोटाने जरा वर उचला, बास पटकन बदलला तर समजा काडीमुळे फट पडतेय, आणि त्याच फटीतून ऑफिसही आत येतं. मऊ जाड पॅड आणि बारीक काडी असेल तर फरक खूप कमी होतो. दाब पण बघा, दुकानात दोन मिनिटं सगळेच हेडफोन छान वाटतात, निदान पंधरा-वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. वजन साधारण २५० ग्रॅमच्या आसपास असलं तर दिवस निघतो. कान पॅडच्या आत पूर्ण मावला पाहिजे, कानावर टेकणारे ऑन-इअर दुपारी जेवणानंतर टोचायला लागतात. आणि रेक्झिनचे पॅड घामाने आणि पावसाळी हवेने सोलतात, मुंबई-कोकणात तर लवकरच, काळे कपचे गालाला चिकटतात, म्हणून पॅड बदलता येतात का आणि सुटे मिळतात का हे घ्यायच्या आधीच विचारा.

वायर की ब्लूटूथ? चहाला उठताना वायर अडकत नाही हे ब्लूटूथचं सुख मोठंय, पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. मीटिंगमध्ये हेडफोनचाच माइक चालू झाला की बऱ्याच लॅपटॉपवर ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि गाणं जुन्या टेलिफोनवर वाजल्यासारखं होतं. हेडफोन बिघडलेला नसतो, मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, आवाज परत येतो. फोन आणि लॅपटॉप दोन्हीला एकदम जोडता येणारं मल्टीपॉइंट असेल तर घ्या, रोज कामाला येतं. वायरवाले घेताना ओहम बघा, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, तो जास्त असला की मोठ्याने वाजवायला जोर जास्त लागतो, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम असा वेगवेगळा मिळतो, त्यातला २५० वाला लॅपटॉपवर पुरेसा मोठा वाजेलच असं नाही, मग आवाजाला जोर देणारा वेगळा अॅम्प घ्यावा लागतो. जॅक नसलेल्या फोनला टाइप-सीचा छोटा डॉंगल लागेल.

आवाज पारखायला दुकानदाराचं डेमो गाणं नको, तुमचं रोजचं लावा. मी तानपुरा आणि तबला असलेली बंदिश लावतो. तानपुऱ्याची जवारी बारीक झणझणली पाहिजे, कानात टोचता कामा नये, आणि डग्ग्याची घुमार गोल यायला हवी, गायकाच्या आवाजावर चढून बसायला नको. दिवसभर ऐकायचं असेल तर जास्त बास आणि जास्त चकचकीत वरची पट्टी दोन्ही थकवतात, तासाभरात डोकं जड होतं.

आणि कानांचं बघा हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, म्हणजे आपला ऑफिसचा पूर्ण आठवडाच, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, ८३ ला २० तास. ज्या हेडफोनमधून बाहेरचा गोंगाट आत येतो त्यावर आपण नकळत आवाज चढवत जातो, म्हणून मी वर एवढं घट्ट बसण्याबद्दल बोललो.

ऑनलाइन घेतलं तर खोका आणि बिल जपून ठेवा, रिटर्नची मुदत आधी वाचा आणि त्या मुदतीत दोन पूर्ण दिवस ऑफिसात, तुमच्याच खुर्चीत बसून वापरा, आणि शेजारच्याला एकदा स्वतःहून विचारा ऐकू येतंय का.