मार्चचं पाणी सांभाळा: ओंटारिओतल्या गोल्फ कोर्सवरचा हिवाळा

राहुरी, दापोली, अकोला, परभणी, कुठूनही बीएस्सी अ‍ॅग्री करून कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ग्वेल्फला टर्फ, म्हणजे खेळाच्या मैदानांवरची हिरवळ सांभाळायचं शास्त्र, शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. नोव्हेंबरनंतर गोल्फ कोर्स बंद, मग काम काय? काम भरपूर असतं, माणसं मात्र थोडीच ठेवतात. सुपरिंटेंडेंट (कोर्सच्या देखभालीचा प्रमुख), मेकॅनिक, फार तर एखादा असिस्टंट. बाकीच्यांना बहुतेक ठिकाणी एप्रिलपर्यंत सुट्टी. म्हणून नोकरी घेतानाच हिवाळ्यातल्या पगाराचं स्पष्ट विचारून घ्या. भिडेपोटी गप्प बसलात तर जानेवारीचं भाडं साठवलेल्या पैशांतून जातं. मी ते भोगलंय, फार जिवाला लागतं.

थंडीआधीची कामं तुम्ही शिकलेलीच असतात: कापणीची उंची वाढवायची, क्राउन (मुळांच्या लगेच वरचा, जिथून नवं पान फुटतं तो गवताचा गाभा) झाकले जातील इतकी वाळू टाकायची, हिम कायमचं बसण्याआधी स्नो मोल्डसाठी, म्हणजे हिमाखाली गवताला लागणाऱ्या बुरशीसाठी, बुरशीनाशक मारायचं. ओंटारिओत 2009 पासून निव्वळ शोभेच्या गवतावर कीडनाशकं मारायला बंदी आहे. गोल्फ कोर्सना सूट आहे, पण अटींवर. तेव्हा परवाना नसताना कोणी ‘जरा पंप धर’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. स्प्रिंकलरच्या लाइनी कॉम्प्रेसरने रिकाम्या करताना हवा भरपूर लागते, दाब नाही. साधारण 50-60 पीएसआय पुरे. लवकर उरकावं म्हणून दाब चढवणाऱ्याच्या जवळही उभं राहू नका.

आता खरा धोका. भुसभुशीत हिम गवताला गोधडीसारखं असतं, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते गवताला चिकटलेल्या कडक बर्फाला आणि त्याहून जास्त मार्चच्या पाण्याला. इथल्या जुन्या कोर्सवरच्या ग्रीन्समध्ये (भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ) आपोआप उगवणारं, नाजूक गवत पोआ अ‍ॅन्युआ भरपूर असतं. कडक बर्फाखाली मुद्दाम पेरलेलं बेंटग्रास चार-चार महिने काढतं, पोआ दीड-दोन महिन्यांत गुदमरायला लागतं. डिसेंबर 2013 मध्ये टोरोंटो भागात हिमवादळाऐवजी पडताक्षणी गोठणारा पाऊस झाला, बर्फ ग्रीन्सवर बसून राहिला, आणि 2014 च्या वसंतात कित्येक कोर्सची ग्रीन्स मेलेली निघाली. बर्फ फोडला की खालून आंबूस वास यायचा, असं त्या वर्षी काम केलेले लोक अजून सांगतात.

पण मला गाठलं ते पाण्याने. नीट वाचा, कारण वर्गात हे एका स्लाइडमध्ये संपतं. मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडतं, पारा 7-8 अंशांवर जातो, वरचं हिम वितळतं. जमीन खाली गोठलेलीच, त्यामुळे पाणी मुरत नाही. ग्रीनच्या सखल कोपऱ्यात बोटभर साचतं. पोआ इतक्यातच जागं होतं, थंडी सोसायची त्याची ताकद एक-दोन दिवसांत जाते आणि क्राउन पाणी पिऊन फुगतो. रात्री पारा उणे 12 ला आपटला की त्या पाण्याचे क्राउनमध्येच स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. सगळ्यात फसवी गोष्ट पुढे आहे: बर्फ गेल्यावर पान हिरवंच दिसतं! मीही त्या हिरव्या रंगाला भुललो. ऊन वाढलं तसं तेच गवत पेंढ्यासारखं झालं. चिमटीत धरून ओढलं तर अलगद हातात येत होतं आणि बुडाशी क्राउन तपकिरी, मऊ झालेला.

आपल्याकडे गवत पाण्यावाचून मरताना पाहिलेलं असतं, त्यामुळे पाणी दिसलं की आपल्याला बरं वाटतं. ही सवय आधी मोडा. ऑक्टोबरातच जोरदार पावसानंतर प्रत्येक ग्रीनवर जा, पाणी कुठे थांबतं त्याचे फोटो काढा, तिथे खुंट्या ठोका. वर्षानुवर्षं वाळू टाकून ग्रीनची कड उंच होते आणि बांध घातल्यासारखं पाणी अडतं. तिथली हिरवळीची पट्टी काढून वाट करून द्या. मार्चमध्ये कडेला लोटलेल्या हिमाच्या ढिगातूनही चर काढा, तोही दुपारी पाणी सुटायच्या आत.

हिवाळ्यात ग्रीनवर घालायच्या महागड्या कव्हरांवर माझा फारसा विश्वास नाही. निचरा नसेल तर कव्हराखालीही पाणी शिरतं, आणि तोपर्यंत सगळे निर्धास्त झालेले असतात.

ग्रीन जिवंत आहे का हे रंगावरून ठरवू नका. फेब्रुवारीच्या शेवटी सखल भागातून एक आणि उंच भागातून एक असे तुकडे काढा. जमीन गोठलेली असल्याने कप कटर (ग्रीनवर भोक पाडायचं हत्यार) चालणार नाही, ड्रिलला होल सॉ (गोल करवत) लावा. ट्रेमध्ये ठेवून शेडच्या उजेडाच्या खिडकीत ठेवा. आठ-दहा दिवसांत नवं पान आलं तर ठीक.

नाही आलं तरी हात-पाय गाळू नका, नोकरी जात नाही. आधी कळलं तर बेंटग्रासचं बी वेळेत मागवता येतं, सभासदांना सांगता येतं, तात्पुरती ग्रीन्स आखता येतात. जून उजाडेपर्यंत बरंचसं भरून येतं.

आणि गुरू करायचाच असेल तर मेकॅनिकला करा. सुपरिंटेंडेंट हिवाळाभर बजेट आणि मीटिंगांत असतो. मेकॅनिक तुमच्यासमोर रील (कापणी यंत्रातली फिरती पाती) ग्राइंडरवर चढवतो, पातं आणि बेडनाइफ (खालचं स्थिर पातं) यांमधलं अंतर कागदाची पट्टी कापून तपासतो, आणि विचाराल ते सांगतो. जानेवारीत त्याच्या शेडमध्ये पगाराविना बसायची वेळ आली, तरी आठवड्यातून एक दिवस जा.