खचलेल्या विश्वासणाऱ्याला धीर कसा द्यावा

ज्या घरातलं कुणी सलग दोन रविवार उपासनेला आलं नाही, त्या घरी तिसऱ्या रविवारच्या आत जायचं. त्यासाठी पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) आठवणीवर विसंबू नये. एक वही घ्या, घरागणिक एक पान ठेवा आणि उपासना सुटल्यावर लगेच खुणा करा. पंचवीस घरांच्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या समाजाला, भेटीला जाणाऱ्यांच्या तीन जोड्या पुरतात, म्हणजे एकेका जोडीकडे आठ-नऊ घरं येतात. जायचं ते जोडीनंच, आणि बाई एकटी असेल त्या घरी जाताना जोडीत एक बाई हवीच. दारातच "रविवारी दिसला नाहीत" म्हटलं की माणूस सबबी शोधायला लागतो. कापसाची वेचणी, लेकरांची शाळा, म्हातारीचा गुडघा इथून सुरुवात करा. न आल्याचं कारण बहुतेक वेळा चहा व्हायच्या आत त्यांच्याच तोंडून बाहेर पडतं.

ते ऐकताना एक निवाडा करावा लागतो. बायबलमध्ये प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (5:14) तीन माणसं वेगळी काढली आहेत: अव्यवस्थित वागणाऱ्याला ताकीद, मन खचलेल्याला धीर आणि अशक्ताला आधार. आपल्याकडे गफलत होते ती इथेच. दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलेल्या माणसाला ताकीद मिळते आणि दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला "प्रभू सगळं ठीक करील" असा धीर. दुसऱ्या घरात तर धीर आधी त्या बाईला द्यायचा, आणि तिला सुरक्षित जागा हवी आहे का हे नवऱ्याच्या माघारी विचारायचं.

मन खचलेल्या माणसाकडे बायबल उघडण्याआधी एलीयाची गोष्ट आठवा (1 राजे 19). झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूतानं आधी उठवून भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. "इथे काय करतोस?" हा प्रश्न पुढे कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर आला. म्हणून आधी विचारा: झोप लागते का, जेवण जातं का, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का? "विश्वास ठेवला म्हणून गोळी सोडली" असं ऐकलं, तर तिथंच थांबून गोळी परत सुरू करण्यासाठी त्यांना दवाखान्यात न्या. विश्वासाची परीक्षा गोळ्यांवर घेऊ नये.

मयताच्या घरी भाषण नको. बायबलमधल्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. "देवाला आवडला म्हणून नेला", "यात काहीतरी चांगलं असेल", "तुमच्या घरात प्रार्थना कमी होती" ही तीन वाक्यं तर कायमची गाळा. चूल पेटत नसेल त्या दिवसांत दोन वेळच्या भाकरी-पिठल्याच्या पाळ्या लावा आणि एका घरावर दोनपेक्षा जास्त पाळ्या टाकू नका. मंडळी पहिल्या आठवड्यात गर्दी करते आणि पाव्हणे परतले की ओसरते. म्हणून पुन्हा भेटायला जाण्यासाठी वहीत तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवसाची तारीख त्याच वेळी लिहून ठेवा.

वचन एकच वाचावं. पाच वाचली तर एकही लक्षात राहत नाही. रडणाऱ्यासमोर विजयाची वचनं फेकण्यापेक्षा स्तोत्र 13 घ्या. ते सहाच ओव्यांचं आहे आणि त्याची सुरुवातच "किती वेळ?" अशा तक्रारीनं होते. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं; आपला राग देवापुढे मांडता येतो हे दाखवायला ते उपयोगी पडतं. गाण्याचंही तसंच. नीतिसूत्रे 25:20 मध्ये खिन्न मनापुढे गाणी गाण्याला थंडीत अंगावरचं वस्त्र काढून घेण्याची उपमा दिली आहे, तेव्हा टाळ-ढोलकी पहिल्या भेटीला घरीच राहू द्या. प्रार्थनेआधी "काय मागू?" असं विचारा आणि तेच, त्यांच्याच शब्दांत, दोन मिनिटांत मागा. भेट अर्ध्या तासात आटोपती घ्या.

आधार म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. जालन्याजवळच्या बेथेलमध्ये रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती वस्ती उभी केली, कारण नव्या विश्वासणाऱ्याला वचनाइतकीच राहायला जागा आणि कसायला जमीन लागते. मंडळीच्या मदतपेटीचे पैसे हातात देण्यापेक्षा किराणा दुकानाचं किंवा औषधाचं बिल थेट भरा. नोंदीवर दोघांच्या सह्या घ्या. उसने मात्र देऊ नका. कर्ज फिटलं नाही की माणूस तोंड चुकवतो, आणि मंडळीला पैसाही मिळत नाही, माणूसही.

बीडकडच्या मंडळ्यांना ऊसतोडीचं वेगळं गणित मांडावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. निघण्याआधी प्रत्येक जोडप्याचा नंबर, कारखान्याचं नाव आणि मागे आजीजवळ राहिलेल्या लेकरांची नावं लिहून घ्या. तिथे रविवारची सुट्टी नसते आणि पहाटेच कोयता हातात असतो, तेव्हा फोन रात्री जेवणाच्या वेळी, तोही त्यांना विचारून ठरवलेल्या वारी करा. लांबलचक प्रवचनाचा दुवा नको. ओळखीच्या आवाजातली दोन मिनिटांची ध्वनिफीत पाठवा, त्यात त्यांच्या लेकराचाही आवाज घ्या. ती न वाचता येणाऱ्यालाही पोचते.

"आता जगून काय करायचं" असं कुणी म्हणालं, देणी-घेणी एकाएकी आवरायला घेतली किंवा पोरांची सोय बोलून दाखवली, तर "मरायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. घरातला कीटकनाशकाचा डबा त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, रात्री माणसाला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत नंबरवर स्वतः फोन लावून द्या. ही गोष्ट घरच्या एका जबाबदार माणसाला सांगावीच लागते, "कुणाला सांगू नका" असं वचन देऊन बसू नका.

बाकी सगळ्या गोष्टींत मात्र तोंड बंद. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर "अमक्या भावाच्या कर्जासाठी प्रार्थना करा" असं पडलं की तो भाऊ पुन्हा दार उघडत नाही. विनंती गटावर टाकायची का, नावानिशी की नावाशिवाय, हे उठण्याआधी विचारा. उत्तर वहीत लिहा, त्याखाली पुढच्या भेटीचा वार लिहा आणि तो त्यांना सांगूनच निघा.