टॅक्स आयडी अडला होता पत्रपेटीपाशी

म्युनिकला आल्यावर आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, वेळेत उरकली. (राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत करायची असते, घरमालकाच्या सहीचा कागद लागतो.) तरी त्यानंतर येणारा ११ आकडी टॅक्स आयडी, म्हणजे करासाठीचा ओळख क्रमांक, काही येईना. तो पोस्टानेच येतो, आणि तो मिळेपर्यंत पगारातून सहाव्या वर्गाचा, सगळ्यात जड कर कापला जाऊ शकतो. माझा कापला गेलाच.

शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी पत्रपेटीकडे बोट दाखवलं. पेटीवर आधीच्या भाडेकरूचंच नाव! इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच, पोस्टमन आडनाव बघतो. मग काय, कागदावर ठळक ‘कुलकर्णी’ लिहून चिकटपट्टीने पेटीवर डकवलं, बेलवरही. ऑनलाइन अर्ज करून आयडी पुन्हा मागवला. तो आला, एचआरला कळवला, आणि जादा कापलेले पैसे पुढच्या पगारात जमा झाले.