ग्राफिक्स कार्डाच्या नावावरून क्षमता ठरवू नका

स्वतःचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहिताना पीसीआय बसवर, म्हणजे कार्डं जोडणाऱ्या मार्गावर, क्लास कोड ०३ असलेलं उपकरण सापडलं की तोच डिस्प्ले कंट्रोलर. व्हेंडर आयडी (उत्पादकाचा क्रमांक) हेक्समध्ये ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर एएमडी. त्यावरून ड्रायव्हर निवडा, पण क्षमता गृहीत धरू नका. एकाच चिपच्या दोन कार्डांवर मेमरी वेगवेगळी असू शकते.

यूईएफआय (नव्या प्रकारचं फर्मवेअर) असलेल्या मशीनवर डिस्प्ले मोडची माहिती जीओपीकडून, म्हणजे त्याच फर्मवेअरच्या ग्राफिक्स इंटरफेसकडून घ्या, तीही बूट सर्व्हिसेस (बूट होईपर्यंतच मिळणाऱ्या फर्मवेअरच्या सेवा) बंद करण्याआधीच. नंतर विचारता येत नाही. त्यात सगळ्यात मोलाचा आकडा म्हणजे एका ओळीतले प्रत्यक्ष पिक्सेल. १३६६ रुंदीच्या मोडमध्ये मेमरीतली ओळ १३७६ पिक्सेलची असू शकते. तुम्ही १३६६ नेच गुणलंत तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १० पिक्सेल डावीकडे सरकते आणि उभी रेघ तिरकी दिसते. मी यापायी दोन रात्री फॉन्टच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. अक्षरं तिरकी दिसली की आधी हेच तपासा.

बार म्हणजे कार्डाची मेमरी कोणत्या पत्त्यावर दिसते ते सांगणारं पीसीआय रजिस्टर. त्याचा आकार मोजताना मूळ किंमत जपून ठेवा, मेमरी डिकोड (कार्डाने त्या पत्त्यांना प्रतिसाद देणं) बंद करा, सगळे बिट १ लिहून परत वाचा, मग सगळं पूर्ववत करा. मिळालेला आकार म्हणजे व्हिडिओ मेमरी नव्हे; २५६ एमबीच्या खिडकीमागे कितीतरी जास्त मेमरी असू शकते. आणि या मधल्या वेळात स्क्रीनवर एक अक्षरही छापू नका, कारण फ्रेमबफर (स्क्रीनवरचं चित्र साठवणारी मेमरी) बहुधा त्याच बारमागे असतो. लॉग सीरियल पोर्टवर पाठवा.