जॉन बन्यनवर लिहायचंय? मग जेलपासून सुरुवात करू नका

चर्चच्या मंडळीत बोलायचं असू दे, कॉलेजचा प्रोजेक्ट असू दे नाहीतर व्हिडिओ, बन्यन, म्हणजे सतराव्या शतकातला इंग्लंडचा उपदेशक आणि लेखक, म्हटलं की सगळे थेट बेडफर्डच्या तुरुंगातच शिरतात, बारा वर्षं कैद, मग ते जगप्रसिद्ध पुस्तक ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’, झालं. माझं म्हणणं, आधी त्याचा धंदा बघा. हा माणूस टिंकर, बापाचाही धंदा तोच, म्हणजे गावोगाव फिरून तांब्यापितळेची भांडी सांधायची, भोक पडलं असेल तिथे डाग द्यायचा. बेडफर्डच्या म्युझियममध्ये एक लोखंडी ऐरण आहे, तिच्यावर त्याचं नाव, गाव आणि 1647 असं कोरलंय. हे साल लिहून ठेवा, पुढे लागेल.

आता कागदावर दोन रकाने पाडा. एकात तो स्वतः काय सांगतो, दुसऱ्यात त्या काळच्या नोंदींची दप्तरं काय सांगतात. त्याचं ‘ग्रेस अबाउंडिंग’ (1666, जेलमध्ये असतानाचं) हे चरित्र नाहीये, साक्ष आहे, आणि साक्ष देणारा माणूस देवाशी संबंध असलेलंच सांगतो, बाकी सोडून देतो. उदाहरणार्थ रविवारी एल्स्टो गावात तो ‘कॅट’ खेळतोय, आपला विटीदांडूच समजा, एक टोला मारून झालाय, दुसरा मारणार तेवढ्यात त्याला आवाज येतो की पापं सोडून स्वर्गात जातोस का पापं घेऊन नरकात. विटी खाली ठेवून वर बघतो, मग वाटतं आपली क्षमेची वेळ टळलीच आहे, नरकात जायचंच तर निदान मनासारखं जगून घेऊ, आणि पठ्ठ्या परत खेळायला लागतो! हा प्रसंग घ्याच. फक्त त्यावरून त्याला गावगुंड करू नका, नाच, खेळ, चर्चची घंटा वाजवणं असली त्याची ‘पापं’, शिव्या मात्र खरंच भरपूर द्यायचा, तोच सांगतो.

तो शिपाई होता त्या इंग्लंडातल्या यादवी युद्धाला या साक्षीत जेमतेम एक परिच्छेद. वेढ्याच्या ठिकाणी जायची पाळी याची होती, दुसरा म्हणाला तुझ्याऐवजी मी जातो, तो गेला आणि पहाऱ्यावर उभा असताना डोक्यात गोळी लागून मेला. बस. जागेचं नाव नाही, काही नाही. बऱ्याच चरित्रांत इथे लेस्टरचा वेढा घुसडलेला असतो, तुम्ही नका घुसडू. त्यापेक्षा दुसरा रकाना वाचा: 1644 च्या जूनमध्ये आई गेली, जुलैमध्ये बहीण, ऑगस्टमध्ये बापाने दुसरं लग्न केलं आणि नोव्हेंबरात सोळा वर्षांच्या पोराचं नाव न्यूपोर्ट पॅग्नेलच्या छावणीतल्या हजेरीपटावर, पार्लमेंटच्या बाजूने, राजाविरुद्ध. 1647 मध्ये त्याची शिपाईगिरी संपली. आणि ऐरणीवर साल कोणतं, बघा. मला तरी त्याच्या आयुष्यातला सगळ्यात बोलका पुरावा हाच वाटतो.

तारखांचा एक घोळ सांगून ठेवते. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या नोंदी एक वर्ष मागे दिसतात. तो बेडफर्डच्या मंडळीचा पाळक (धर्मगुरू) निवडला गेला ते जुन्या वहीत जानेवारी 1671, आपल्या हिशोबाने 1672. दोन पुस्तकांत दोन सालं दिसली की आधी हे तपासा.

जेलचं लिहिताना 12 नोव्हेंबर 1660 ची अटक, 1672 ची सुटका एवढं पुरे नाही. उपदेश करणार नाही असं कबूल केलं असतं तर सुटला असता, नाही केलं. आत बसून बुटांच्या नाड्यांना टोकं लावायचा आणि त्यावर घर चालवायचा. आणि एलिझाबेथला विसरू नका! दुसरी बायको, सवतीची चार मुलं पदरात, त्यातली मेरी आंधळी, अटकेच्या धक्क्याने स्वतःचं बाळ गेलेलं, आणि ही बाई 1661 मध्ये न्यायाधीशांसमोर उभी राहून ठणकावते की तो टिंकर आहे, गरीब आहे, म्हणून त्याला न्याय मिळत नाही. धंदा आधी बघा म्हटलं ते यासाठीच.

राहिला ‘बाप्टिस्ट’ शब्द, म्हणजे बाप्तिस्मा लहानपणी नाही, समजून-उमजून मोठेपणी घ्यावा असं मानणारा ख्रिस्ती पंथ. वापरा, पण एक वाक्य जोडा. त्याच्या मंडळीत प्रौढपणी पाण्याचा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही चालायचे, आणि यावरून कुणाला प्रभुभोजनापासून (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून) अडवू नये असं त्याने 1673 मध्ये छापून सांगितलं, त्यावर कडक बाप्टिस्ट भडकलेच. आज बाप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल असे दोन्ही पंथ त्याला आपला म्हणतात.

आणि मराठीत लिहिणार असाल तर ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चं हरि केशवजींनी केलेलं मराठी रूप, ‘यात्रिकक्रमण’, 1841 चं आहे, त्याचा उल्लेख करा. मिळालं तर चार पानं मोठ्याने वाचून बघा, जुनी भाषा आहे, डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं.