गॅल४ आणि रिकाम्या लेन: बुरशीच्या जनुकांवर काम सुरू करताना

एमएस्सी करून लॅबमध्ये आले तेव्हा वाटायचं, प्रथिन डीएनएवरचा कोणता शब्द ओळखतं ते कळलं की झालं. यीस्ट या बुरशीतल्या गॅल४ या प्रथिनासाठी तो शब्द सीजीजी, म्हणजे डीएनएची तीन अक्षरं. पण यीस्टच्या सव्वा कोटी अक्षरांच्या जीनोममध्ये सीजीजी हजारो ठिकाणी येतो. मग गॅल४ नेमकं गॅलॅक्टोज ही साखर पचवणाऱ्या जनुकांपाशीच कसं जातं?

उत्तर अंतरात आहे. गॅल४ जोडीनं बसतं. प्रत्येक रेणूतली सहा सिस्टीन्स (एक अमिनो आम्ल) जस्ताचे दोन अणू धरून ठेवतात आणि ती छोटी गाठ एक सीजीजी वाचते. दोन सीजीजी समोरासमोर, मध्ये अकरा अक्षरं, एकूण सतरा. १९९२मध्ये स्फटिकरचना आली तेव्हा हे स्पष्ट दिसलं. यीस्टमधल्याच पीपीआर१ या प्रथिनालाही हीच टोकं लागतात, पण मध्ये सहा अक्षरं, पुट३ या प्रथिनाला दहा. म्हणून प्रोब (प्रथिन बसतं का ते तपासायचा, लेबल लावलेला डीएनएचा छोटा तुकडा) मागवताना मधली अक्षरं दोनदा मोजा. एक कमी पडलं तरी बंध कमकुवत होतो.

माझे पहिले दोन महिने जेलमधल्या रिकाम्या लेन (रांगा) बघण्यात गेले. जेलमध्ये नुसता प्रोब पुढे पळतो आणि प्रथिन बसलेला मागे राहतो, म्हणजे त्याचा बँड (पट्टा) वर दिसतो. प्रथिन शुद्ध, प्रोब बरोबर, तरी बँड वर सरकेना. शेवटी बफरची कृती ओळीनं वाचली, तर पेशी फोडायच्या बफरमध्ये ईडीटीए, म्हणजे धातू पकडणारं रसायन! ते जस्त ओढून घेतं आणि जस्त गेलं की ती गाठच सुटते. ईडीटीए नसलेला बफर केला, थोडं झिंक घातलं आणि त्याच आठवड्यात बँड दिसला. तो बँड बघताना डोळे भरून आले होते.

पण नुसत्या बँडवर विश्वास ठेवू नका. लेबल नसलेला तोच प्रोब जास्त प्रमाणात घातल्यावर बँड फिका व्हायला हवा आणि सीजीजी बदललेल्या प्रोबनं तो होऊ नये. या दोन लेन पहिल्याच जेलमध्ये लावा. गाईडनं सांगायची वाट पाहू नका.

जेल फक्त परीक्षानळीतली गोष्ट सांगते. रॅफिनोज या साखरेवर वाढणाऱ्या यीस्टमध्ये गॅल४ डीएनएवर बसलेलं असतं, पण गॅल८० या दुसऱ्या प्रथिनानं त्याला दाबून धरलेलं असतं. गॅलॅक्टोज आलं की गॅल३ हे तिसरं प्रथिन ती पकड सोडवतं. त्यामुळे पेशीतलं बसणं चिपनं (पेशीत प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते शोधायची पद्धत) तपासा आणि जनुक खरंच चालू झालं का, ते आरएनए मोजून.

भुईमुगावर काम करायचं असेल तर अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीतलं एएफएलआर हे प्रथिन याच जस्तवाल्या कुटुंबातलं. अफ्लाटॉक्सिन हे विष बनवणारी जनुकं तेच चालू करतं. त्याची जागा टीसीजी, पाच अक्षरं, सीजीए. तिथेही मोजणी हीच.